पोती वाहणारा वैमानिक आणि आपली चळवळ

आंबेडकरी दैनिकात विमानावर लेख कशाला, असे काही वाचक विचारतील. ज्या वस्तीपर्यंत अजून धड रस्ता जात नाही, त्या वस्तीला वैमानिकांच्या नोकरीचे काय सोयरसुतक? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तरही तितकेच रास्त आहे. ज्या ज्या ठिकाणी आपला माणूस नाही, त्या त्या ठिकाणाबद्दल चळवळीने बोललेच पाहिजे. आणि जिथे एखाद-दुसरा पोहोचला आहे, तिथे तर त्याच्या पाठीशी उभे राहून बोलले पाहिजे. बाबासाहेबांनी मोक्याच्या जागा काबीज करायला सांगितले. विमानाचा कॉकपिट ही मोक्याची जागा नाही, असे कोण म्हणेल?

आम्हाला हा विषय सुचला तो एका घरात. हातकणंगले तालुक्यातले एक घर. वडील एसटीत वाहक होते, आता निवृत्त आहेत. मुलगा एका प्रादेशिक विमान कंपनीत सहवैमानिक आहे. दोन पंख्यांचे, सत्तर-बहात्तर आसनांचे विमान तो चालवतो. त्याच्या शिक्षणासाठी घर बँकेकडे गहाण आहे. भिंतीवर तथागत, बाबासाहेब आणि राजर्षी शाहू महाराज. त्यांच्या खाली मुलाचा खांद्यावर पट्ट्या असलेला फोटो. आम्ही गेलो त्या दिवशी घरात वाद चालला होता. मुलगा म्हणत होता, मालवाहू विमानाच्या कंपनीत जावे का, असा विचार आहे. त्याचे बरेच सहकारी तोच विचार करताहेत. आई चुलीपुढून उठून आली आणि म्हणाली, "एवढं शिकून माणसं सोडून पोती न्यायला चाललाय व्हय रं? तुझा आजा पोतीच व्हायचा की." मुलगा आमच्याकडे वळला. "काका, तुम्हीच सांगा."

आम्ही त्या दिवशी काही सांगितले नाही. घाईने सांगण्यासारखा हा प्रश्न नाही. हा लेख म्हणजे त्या घराला दिलेले आमचे उत्तर आहे.

आधी त्या माउलीचे म्हणणे समजून घेऊ. तिचे वाक्य अडाणीपणाचे नाही, ते इतिहासाचे आहे. ओझे वाहणे हे आपल्या पूर्वजांनी निवडलेले काम नव्हते. ते त्यांच्यावर जन्माने लादले होते. गावात अंमलदार आला की त्याचे सामान पुढच्या गावापर्यंत पोहोचवायचे महाराने. सरकारी खजिना न्यायचा महाराने. रात्री-अपरात्री सांगावा घेऊन धावायचे महाराने. मोबदला म्हणून वतनाची तुटपुंजी जमीन आणि बलुत्याच्या नावाखाली मिळणारी भाकर. याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन रद्द केले. पुढे बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. ज्या समाजाने वेठ आणि वतन यांच्याविरुद्ध अशी झुंज दिली, त्या समाजातल्या आईला "पोती" हा शब्द टोचणारच.

पण त्या माउलीला आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो : वेठ वेगळी आणि व्यवसाय वेगळा. वेठबिगारीचे दुःख ओझ्यात नव्हते. ते सक्तीत होते. नाही म्हणण्याचा अधिकार नव्हता, मजुरी ठरवण्याचा अधिकार नव्हता, विश्रांती मागण्याचा अधिकार नव्हता. हे तीन अधिकार हातात असतील, तर पोते वाहणाराही ताठ मानेचा माणूस असतो. आणि हे तीन अधिकार नसतील, तर खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावून, शे-पाऊणशे प्रवाशांना हवेतून नेणारासुद्धा वेठबिगारच असतो. म्हणून प्रश्न "माणसे की माल?" हा नाहीच. या तीन अधिकारांचे काय, हा खरा प्रश्न आहे.

आता हा मुलगा प्रवासी विमान सोडण्याचा विचार का करतो आहे, ते पाहू. उजळाईवाडीच्या विमानतळाचे उद्घाटन ५ जानेवारी १९३९ रोजी राजाराम महाराजांच्या काळात झाले. एवढा जुना विमानतळ; पण मधली कित्येक वर्षे इथे नियमित विमान नव्हते. २०१६ साली केंद्राने 'उडान' योजना आणली. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात बसेल, असा गाजावाजा झाला. कोल्हापुरात १९ आसनांचे एअर डेक्कन आले. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत त्या कंपनीने उड्डाणे थांबवली आणि कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवले. २०१९ साली ट्रूजेट आले. २०२२ च्या फेब्रुवारीत तेही बंद पडले. अलायन्स एअर, इंडिगो आणि कोल्हापूरच्याच घोडावत उद्योगसमूहाची स्टार एअर यांनी पुढे ही सेवा चालवली, २०२४ च्या मार्चमध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटनही झाले, हे चांगलेच झाले. पण इमारत पक्की झाली म्हणून नोकरी पक्की होत नाही.

हे आमचे अनुमान नाही. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात नोंद आहे. उडानच्या तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांपैकी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण करणारे फक्त ११२. आणि सवलत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिलेले केवळ ५४. म्हणजे सरकारी मदत आहे तोवर विमान, मदत संपली की विमान गायब. वैमानिकाच्या कर्जाचे हप्ते मात्र गायब होत नाहीत. ते पंधरा-वीस वर्षे चालतात. ज्याचा बाप कारखानदार आहे, तो अशी नोकरी गेली तर दुसरी मिळेपर्यंत घरी बसू शकतो. ज्याच्या बापाने एसटीत तिकिटे फाडली, तो बसू शकत नाही. समान परवाना, समान गणवेश, समान पगार; तरीही दोघे समान नाहीत, ते असे.

तिकडे मालवाहतुकीचे चित्र वरवर पाहता आकर्षक आहे. ब्लू डार्टची मालवाहू विमाने १९९६ पासून रात्रीच्या वेळी देशभर फिरत आहेत. स्पाइसजेटने २०१८ साली मालवाहतुकीचा वेगळा विभाग काढला. इंडिगोने २०२२ साली मालवाहू विमाने घेतली. २०२३ च्या जानेवारीत अॅमेझॉनने क्विकजेटच्या विमानांतून आपला माल न्यायला सुरुवात केली. करोनाच्या काळात २५ मार्च ते २५ मे २०२० या दोन महिन्यांत देशातील प्रवासी विमाने जमिनीवर होती, तेव्हा औषधे आणि वैद्यकीय साहित्य घेऊन मालाची विमाने उडतच होती. प्रवासी वैमानिक घरी बसला आणि मालवाहू वैमानिक कामावर गेला. ही गोष्ट तरुण वैमानिक विसरलेले नाहीत. शिवाय पंख्याच्या विमानावरून जेट विमानावर जाण्याची ही एक वाट आहे आणि जेटवरचे तास पुढे कामाला येतात.

आणखी एक गोष्ट आम्हाला सांगायची आहे आणि ती आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी. अमेरिकेत काळ्या वैमानिकांना प्रवासी कंपन्या नोकरी देत नव्हत्या. मार्लन ग्रीन हा अमेरिकन हवाई दलातला अनुभवी वैमानिक. त्याने कॉन्टिनेंटल कंपनीकडे अर्ज करताना वंशाचा रकाना कोरा ठेवला आणि फोटो लावला नाही, तेव्हा कुठे त्याला चाचणीसाठी बोलावणे आले. रंग दिसला आणि नोकरी नाकारली गेली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९६३ साली जिंकला आणि १९६५ साली रुजू झाला. पण त्याच्याही आठ-दहा वर्षे आधी, १९५५ साली, ऑगस्ट मार्टिन नावाचा काळा माणूस सीबोर्ड वर्ल्ड एअरलाइन्समध्ये कॅप्टन झाला होता. ही सीबोर्ड कसली कंपनी होती? मालवाहतुकीची! खोक्यांना वैमानिकाचा रंग दिसत नाही. पोत्यांना जात विचारायचे सुचत नाही. जिथे गोऱ्या प्रवाशाच्या नाराजीचे निमित्त सांगता येत नव्हते, तिथले दार आधी उघडले. हा मार्टिन १९६८ साली बियाफ्राच्या उपाशी लोकांसाठी मदत घेऊन जाताना अपघातात गेला. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या नावाची शाळा आहे. पोती वाहणारा वैमानिक असाही असतो, हे त्या माउलीला कुणीतरी सांगितले पाहिजे.

मग जावे की नाही? थांबा. नाण्याची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय निर्णय करणे आंबेडकरी माणसाला शोभत नाही.

मालाचे विमान रात्री उडते. दिवसभर गोळा झालेला माल रात्रीत पोहोचवायचा आणि पहाटे वाटपाला द्यायचा, हा त्या धंद्याचा कणा आहे. म्हणजे वैमानिकाने रात्री जागायचे आणि दिवसा अनोळखी शहरातल्या हॉटेलात पडदे ओढून झोपायचा प्रयत्न करायचा. वर्षानुवर्षे. अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ एका प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळले, ५० माणसे गेली. त्या विमानाची सहवैमानिक आदल्या रात्री देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला मालवाहू विमानांत बसून कामावर आली होती. कारण कामाच्या शहरात राहणे तिच्या पगारात परवडत नव्हते. त्या अपघातानंतर तिथल्या सरकारने वैमानिकांच्या विश्रांतीचे कडक नियम २०११ साली केले. पण त्यातून मालवाहू वैमानिकांना वगळले! कारण काय? खर्च फार होतो. १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे अलाबामातील बर्मिंगहॅम येथे यूपीएस कंपनीचे मालवाहू विमान कोसळले आणि दोघेही वैमानिक ठार झाले. चौकशीत थकव्याचा मुद्दा पुढे आला. माल गेला तर विमा आहे. पण त्या विमानात दोन माणसेही होती, हे नियम करणारे विसरले. माणसाचा हिशेब मालाच्या वहीत लिहिला की असेच होते.

आपल्याकडे काय? हवाई वाहतूक महासंचालनालयाने २०२४ च्या जानेवारीत नवे नियम जाहीर केले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीची व्याख्या मध्यरात्री ते सकाळी ६, आणि रात्रीच्या कामात विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर. कंपन्यांनी कुरकुर केली, अंमलबजावणी लांबली. अखेर २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांत नियम लागू झाले. आणि डिसेंबरमध्ये काय झाले? देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, प्रवाशांचे हाल झाले, आणि सरकारने त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट देऊन टाकली. वैमानिकांची पुरेशी भरती न करणारी कंपनी, आणि तिच्यासाठी वाकला तो झोपेचा नियम! दिवसा प्रवासी विमानात ही गत, तर रात्री कुणी पाहत नसताना उडणाऱ्या मालवाहू वैमानिकाला कोण विचारणार?

इथे बाबासाहेबांची आठवण अपरिहार्य आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. १९४६ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, तो त्यांच्या कारकिर्दीत. कामगाराला विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून त्याचा हक्क आहे, हे या देशाच्या कायद्यात बसवणारा महामानव आपला आहे. मग विश्रांतीचा हक्क मागणारा वैमानिक, मग तो कोणत्याही जातीचा असो, आपल्या चळवळीला परका कसा?

दुसरा धोका टिकाऊपणाचा. मालाचा धंदा म्हणजे कायमची भाकरी, असे कुणी समजू नये. एअर डेक्कनचेच जनक कॅप्टन गोपीनाथ यांनी नागपूर हे केंद्र धरून 'डेक्कन ३६०' ही मालवाहू कंपनी काढली. २०११ साली ती बंद पडली. अमेरिकेत तर २०२३ च्या अखेरीस उलटी गंगा वाहिली. करोनातली तेजी ओसरल्यावर फेडेक्सने आपल्या वैमानिकांना पीएसए नावाच्या प्रादेशिक प्रवासी कंपनीत जाण्याची वाट दाखवली. ज्या प्रादेशिक कंपन्यांतून लोक मालाकडे पळत होते, तिकडेच परत जा म्हणून सांगण्याची वेळ आली!

तिसरा धोका कागदाचा. नव्या जातीचे विमान शिकायचे म्हणजे पुन्हा पंधरा-वीस लाखांचा खर्च, नाहीतर कंपनीचा करारनामा. त्यात नोकरी सोडण्याच्या सूचनेची भली मोठी मुदत. २०१७ साली महासंचालनालयाने सहवैमानिकाला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष अशी मुदत घातली. नाही म्हणण्याचा अधिकार असा कागदावर बांधला जातो. जुन्या वेठीत दोर दिसत होता, नव्या वेठीत तो करारनाम्याच्या बारीक अक्षरात असतो.

तेव्हा त्या मुलाला आमचा सल्ला असा : जायचे असेल तर जरूर जा, पण लाज म्हणून मागे राहू नको आणि भीती म्हणून पुढे पळू नको. आधी कॅप्टनच्या परवान्याला लागणारे दीड हजार तास पूर्ण कर. कंपनीच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नको, विश्रांतीचे वेळापत्रक लेखी माग. करारनामा सही करण्यापूर्वी वकिलाला दाखव; आपल्या चळवळीत वकिलांची वाण नाही. शिकण्याचा खर्च कोण करणार आणि कंपनी बुडाली तर त्या कर्जाचे काय, हे आधी विचार. वैमानिकांच्या संघटनेत जा आणि तिथे गप्प बसू नको. आणि आईला एकदा मालाच्या विमानाच्या पायऱ्यांशी नेऊन उभी कर. त्या विमानात पोती असतील, पण ते उडवणारा कुणाचा वेठ्या नाही, हे तिला डोळ्यांनी दिसू दे.

हा झाला एका मुलाचा प्रश्न. पण चळवळीचे काम एका मुलाला सल्ला देऊन संपत नाही. आमचा खरा प्रश्न आहे तो असा, की या घरात असा वाद व्हायला इतकी वर्षे का लागली? आणि शेजारच्या दहा घरांत हा वाद का होत नाही?

उत्तर सर्वांना ठाऊक आहे. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना घ्यायला किमान २०० तास उडावे लागते आणि खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याही पुढे जातो. केंद्राने २००७ साली अनुसूचित जातींसाठी उच्च दर्जाच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती काढली, तिच्यात खासगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला ३ लाख ७२ हजारांची मर्यादा होती. बाकीचे कुठून आणायचे? रायबरेलीजवळच्या फुरसतगंज येथील सरकारी उडान अकादमीत राखीव जागा आहेत. पण शिकून बाहेर पडल्यावर राखीव नोकरी कुठे? एअर इंडिया सरकारी होती तोवर तिथे आरक्षण होते. २७ जानेवारी २०२२ रोजी ती टाटांच्या हवाली झाली आणि त्याबरोबर ते दारही बंद झाले. खासगीकरण म्हणजे आरक्षणाची कत्तल, हे आम्ही नव्वदच्या दशकापासून सांगत होतो. तेव्हा आम्हाला जातीयवादी ठरवले गेले.

आणि विसंगती पाहा. उडान योजनेत खासगी कंपन्यांना तोटा भरून देणारा निधी सार्वजनिक. त्यात राज्य सरकारचा वाटा. जमीन जनतेची. टर्मिनल जनतेचे. मग सामाजिक न्यायाची अट मात्र का नाही? सार्वजनिक पैसा घेणाऱ्या प्रत्येक विमान कंपनीने, मग ती माणसे नेवो की माल, दरवर्षी अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींच्या ठरावीक उमेदवारांना प्रशिक्षण देऊन नोकरीत घ्यावे, ही मागणी चळवळीने लावून धरली पाहिजे. शिष्यवृत्ती खऱ्या खर्चाइतकी हवी. आणि विश्रांतीच्या नियमांतून मालवाहू वैमानिकांना वगळण्याची अमेरिकेची वाट इथे कुणी शोधू नये.

मालाचे म्हणाल तर तोही आपल्याच हातचा आहे. कोल्हापुरी चप्पल हे आपल्या चर्मकार बांधवांचे कसब. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तसलीच चप्पल मिलानच्या मंचावर कोल्हापूरचे नाव न घेता मिरवली आणि जगभर ओरड झाली. चप्पल करणारा आपला, ती विमानात चढवणारा हमाल आपला. मग विमान चालवणारा आपला का नको? कंपनीचा मालक आपला का नको?

याच कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी २६ जुलै १९०२ रोजी पन्नास टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. अस्पृश्यांना वकिलीच्या सनदा दिल्या. त्यांना हत्तीवर माहूत म्हणून बसवले. ज्याची सावली चालत नव्हती, त्याच्या हातात राजाच्या हत्तीचा अंकुश दिला! परवाना आणि काम, दोन्ही एकत्र दिले. आजचे सरकार परवाना कर्जावर देते आणि काम बाजारावर सोडते. २१ आणि २२ मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत ज्या मातीने शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मंचावर पाहिले, ती माती उजळाईवाडीच्या धावपट्टीपासून फार दूर नाही. त्या धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानांत आपली किती मुले पुढच्या खुर्चीवर आहेत, हा प्रश्न आपण विचारायचा नाही तर कुणी विचारायचा?

त्या घरातल्या माउलीला शेवटी एवढेच सांगतो. आजोबांनी पोती वाहिली, कारण त्यांना दुसरे काही करू दिले नाही. नातू पोती नेईल, तर त्याने ते स्वतः ठरवले म्हणून, आणि उद्या नको वाटले तर सोडूनही देईल. ते ठरवण्याचा आणि सोडण्याचा अधिकार त्याच्या हातात राहील, हे पाहणे आपणा सर्वांचे काम आहे.

जय भीम!